मदत हवी आहे: बायोटेक उद्योगाची देशोदेशीची तुलना कोणत्या निकषावर करू?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीची, एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधिकेचा विषय आहे बायोटेक उद्योगाने आर्थिक वाढीला दिलेला हातभार. देश घेतलेत आयर्लंड, डेन्मार्क, दक्षिण कोरिया आणि भारत. सरांचं म्हणणं, जीडीपीतला वाटा काढ आणि तक्ता मांड. पण तक्ता मांडायला बसले तर आकडे एका जातीचेच नाहीत.

आयर्लंडचंच बघा. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा (पेटंट वगैरे) तिकडे हलवली आणि २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शेवटी त्यांच्याच सांख्यिकी कार्यालयाला हा फुगवटा काढून वेगळं, सुधारित राष्ट्रीय उत्पन्न जाहीर करावं लागलं. डेन्मार्कची २०२३ ची बरीचशी वाढ औषध उद्योगाची, म्हणजे मुख्यतः इन्सुलिन बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीची. त्यातला काही माल परदेशातल्या कारखान्यांत होतो, तरी मालकी डॅनिश म्हणून हिशोब तिथेच धरतात. कोरियात सॅमसंग बायोलॉजिक्स २०११ मध्ये सुरू झाली, तिचा मुख्य धंदा दुसऱ्यांची औषधं कंत्राटावर बनवून देण्याचा.

आणि आपली 'बायोइकॉनॉमी', म्हणजे जैविक साधनांवर चालणाऱ्या सगळ्या उद्योगांची मिळून उलाढाल, सरकारी अहवालानुसार २०१४ मधल्या १० अब्ज डॉलरवरून २०२४ मध्ये १६५ अब्जांवर गेली. यात लशींबरोबर इथेनॉल आणि बीटी कापूसही आहे. हे डेन्मार्कच्या इन्सुलिनशेजारी कसं ठेवायचं?

मला खरं तर मोजायचंय ते कामगाराच्या हाती काय राहतं ते. माझी ताई ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिच्या लाइनवरच्या मुली इंजेक्शनची एकेक कुपी आधी काळ्या, मग पांढऱ्या पाटीसमोर धरून आत कण तरंगतोय का ते बघतात. बहुतेक जणी कंत्राटी. माल युरोपात जातो, पण पगारात त्याची खूण दिसत नाही. जीडीपीच्या टक्क्यात हे कुठेच येत नाही, म्हणून दर कामगारामागचं मूल्यवर्धन (मालाच्या किमतीतून कच्च्या मालासारखा खर्च वजा जाता उरतं ते) आणि त्यातला मजुरीचा वाटा हे निकष धरावेत असं मला ठामपणे वाटतं.

अडचण अशी की सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत (एएसआय) औषधं एनआयसी २१, म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणातल्या २१ व्या विभागाखाली येतात, बायोटेकचा स्वतंत्र विभाग नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रबाळे-महापेपुरते, निदान ठाणे जिल्ह्यापुरते आकडे वेगळे काढता येतात का? कंत्राटी कामगारांची मजुरी त्यात कशी दाखवतात? कुणी या पाहणीवर काम केलं असेल तर कृपया सांगा. आयर्लंड यादीतून वगळावं का, यावरही मत हवंय. सिनॉप्सिस पुढच्या महिन्यात द्यायचा आहे.