अमेरिकेतल्या पिझ्झा चेन : आवडती कोणती, नावडती कोणती, आणि नेमकं कशामुळे?

तिखटमीठ (धागाकर्ती)

डॅलसमध्ये मंडळाच्या नाटकाच्या तालमी सुरू होत आहेत. दर शनिवारी संध्याकाळी साधारण ३० मोठी माणसं आणि १० मुलं. निम्म्याहून जास्त शाकाहारी, त्यातले काही अंडंही न खाणारे. पिझ्झा दुकानातून निघून सगळ्यांच्या हातात पडेपर्यंत पाऊण तास जातो, हे धरूनच ठरवायचं आहे.

माझा आत्ताचा क्रम असा: डॉमिनोजचा हँडमेड पॅन (खोलगट तव्यात भाजलेला जाड पिझ्झा) पहिला, पापा जॉन्स दुसरा, पिझ्झा हट तिसरा, लिटल सीझर्स शेवटचा. डॉमिनोजचाच थिन क्रस्ट मात्र अजिबात नको. चौकोनी कापतात, आणि मधल्या तुकड्याला धरायला काठच नसतो. पापा जॉन्सचा सॉस गोडसर लागतो, तरी त्यांचा पाव चांगला असतो.

नुसतं 'अमुक भारी, तमुक टाकाऊ' असं नको. कोणता क्रस्ट, किती टॉपिंग, काय बिघडतं आणि का, असं लिहा. शाकाहाऱ्यांसाठी आणखी कशाकडे बघायचं तेही सांगा.

---

मध्यम_आच

चेनला एकगठ्ठा गुण देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक चेनचा एक क्रस्ट मन लावून बसवलेला असतो, बाकीचे यादी भरायला. पिझ्झा हटमध्ये जाऊन हँड टॉस्ड (हाताने पसरलेला, मध्यम जाडीचा) मागवला आणि नावं ठेवली, तर चूक मागवणाऱ्याची.

आधी भट्टीचं समजून घ्या. या चेनमध्ये सरकत्या पट्ट्याची भट्टी असते. वरून-खालून गरम हवेचे झोत येतात, आणि पट्ट्याचा वेग ठरलेला असतो. म्हणजे एका टॉपिंगचा पिझ्झा आणि सहा टॉपिंगचा पिझ्झा, दोघांनाही तेवढीच मिनिटं मिळतात. मशरूम, टोमॅटो, पालक आणि अननस ही चारही पाणी सोडणारी मंडळी. ती एकत्र आली की आच त्यांचं पाणी आटवण्यात खर्च होते, मध्यभागी पिठाचा गिचका राहतो आणि चीज पांढरंच दिसतं. शाकाहारी पिझ्झ्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथूनच निघतात, चेन कोणतीही असो.

उपाय सोपा आहे. भाज्या जास्तीत जास्त तीन, त्यांत पाणीवाली एकच. कांदा, सिमला मिरची, हालपिन्यो (मेक्सिकन मिरची) किंवा ऑलिव्ह एकमेकांसोबत छान जमतात. चौथं टॉपिंग हवंच असेल तर ऑर्डर देताना 'वेल डन' सांगा. डॉमिनोजच्या साइटवर तो पर्याय निवडता येतो, जिथे साइटवर नसेल तिथे काउंटरवर बोलावं लागतं. सॉस 'एक्स्ट्रा' आणि भाज्याही जास्त, असं दोन्ही कधीच करू नका.

आता तुमचा पाऊण तास. पातळ क्रस्ट वाफेने दहा मिनिटांत मऊ पडतो, तो बाद. हँड टॉस्ड गार झाला की चिवट होतो. पॅन जाड असल्याने आतली ऊब धरून ठेवतो, आणि तळाशी तेलात परतल्यासारखा थर असल्याने उशिरा खाल्ला तरी चावताना तोंड दुखत नाही. तेव्हा पॅन पहिला, हा तुमचा निर्णय बरोबर आहे. डॉमिनोजचा पॅन फक्त १२ इंचात मिळतो आणि जोडीच्या डीलमध्ये त्याला वर पैसे पडतात, एवढं हिशेबात धरा.

डॉमिनोजबद्दल ज्यांचं मत २००९ च्या आधीचं आहे त्यांनी ते पुन्हा तपासावं. क्रस्ट पुठ्ठ्यासारखा लागतो, ही गिऱ्हाइकांची तक्रार कंपनीने स्वतःच्या जाहिरातीत दाखवली, आणि पीठ, सॉस, चीज तिन्ही बदललं. हँड टॉस्डच्या काठाला लसणाचा हात लावणं तेव्हापासूनचं.

---

काठासकट

भट्टीच्या मुद्द्याला अनुमोदन, पण पिझ्झा हट तिसरा? पॅन हा तर त्यांचाच प्रांत. १९८० पासून ते तो करत आहेत. खोलगट काळ्या तव्यात आधी तेल, त्यावर पिठाची चकती, आणि ती तव्यातच फुगवायची. तळ अक्षरशः तेलात तळला जातो. गरम असताना त्या कुरकुरीतपणाला बाकी चेनमध्ये तोड नाही.

अडचण खोक्याची आहे. तळातली वाफ पुठ्ठ्यात अडकते आणि वीसेक मिनिटांत तो कुरकुरीतपणा जातो, उरतो तेलकट पाव. पिझ्झा हटला नावं ठेवणारे बहुधा याच अवस्थेतला पिझ्झा खातात. घ्यायला स्वतः जा, गाडीत बसल्याबरोबर झाकण बोटभर उघडं ठेवा. एकावर एक चार खोक्यांपेक्षा जास्त रचू नका, खालचा दबतो आणि सगळ्यात जास्त घामेजतो. थर्मल पिशवी ऊब टिकवते पण कुरकुरीतपणा घालवते. पॅनसाठी ती वापरू नये.

माझी नावड पापा जॉन्स. सॉसमधली साखर हे कारण आहेच, शिवाय चीज जास्त घातलं की ती साखर आणखी पुढे येते. त्यांचा पाव चांगला असतो हे मात्र खरं, पीठ गोठवलेलं नसतं. 'लाइट सॉस' मागा, हालपिन्यो घाला, आणि खोक्यात येणारी पेपरोनचिनी मिरची पिळून वर टाका. तिच्या आंबटपणाने गोडी तुटते. लसणाच्या सॉसची वाटी काठासाठी असते, पिझ्झ्यावर ओतली तर तेलाखेरीज काही लागत नाही.

---

चौथाकोपरा

लिटल सीझर्सला शेवटचा नंबर सगळेच देतात, कारण सगळे हॉट-एन-रेडी घेतात. तो आधीच भाजून गरम कपाटात ठेवलेला असतो. चीजवर साय धरते, तळ चामड्यासारखा होतो. गर्दीच्या वेळी घेतला तर खोकी पटापट उचलली जातात, म्हणून बरा मिळतो. दुपारी तीनला घेतलेला आणि संध्याकाळी सहाला घेतलेला, हे दोन वेगळे पदार्थ आहेत.

पण त्यांचा डेट्रॉइट पद्धतीचा डीप डिश मागवून बघा. दोन छोटे चौकोनी तवे, प्रत्येकी चार तुकडे. आठही तुकड्यांना कोपरा येतो. चीज थेट तव्याच्या कडेपर्यंत जातं आणि तिथे करपून खरपूस जाळी धरतं. आपल्याकडे खरवडीसाठी भांडणारी मुलं असतात, त्यांना हा नक्की आवडेल. मुळात ही पद्धत १९४६ मधली, डेट्रॉइटच्या बडीज या जागेतली, गाड्यांच्या कारखान्यातल्या निळसर पोलादी ट्रे वापरून केलेली. लिटल सीझर्सही त्याच भागातली, १९५९ मध्ये गार्डन सिटीत सुरू झालेली. हा प्रकार त्यांना जमतो याचं नवल नाही.

त्यांचं चीज मोझरेला आणि मन्स्टर (एक मऊ, सौम्य चीज) यांचं मिश्रण असतं, म्हणून तार कमी आणि लोण्यासारखा मऊपणा जास्त. मला तो आवडतो. चव आवडली नाही तर चेनचा दोष नव्हे, मिश्रणच तसं आहे.

कॉस्टको या घाऊक दुकानाचा १८ इंची विसरू नका. पिझ्झा चेन नाही, पण ४० माणसांत त्याचा विचार झालाच पाहिजे. चीज किंवा पेपरोनी (मांसाच्या चकत्यांचा) मिळतो. शाकाहाऱ्यांना साधा चीज पुरेल, वर घरची भाजलेली सिमला मिरची आणि कांदा टाका.

---

तिखटमीठ

खोक्यांचा मुद्दा लक्षात आला. काठासकट, पाऊण तासानंतरही तुम्ही पिझ्झा हटच्या पॅनलाच मत द्याल का? आणि तिखटाचं कसं करायचं? हालपिन्यो तीन वाट्या खाल्ल्या तरी जिभेला कळत नाही.

---

काठासकट

पाऊण तास असेल तर नाही, डॉमिनोजचा पॅन. तो गार झाल्यावर तेवढा जड लागत नाही. पिझ्झा हट तिथे बसून किंवा दहा मिनिटांत घरी पोचत असेल तरच.

तिखटासाठी चेनवर अवलंबून राहू नका. हिरव्या मिरच्या बारीक चिरून, चिमूट मीठ आणि अर्धा चमचा तेल लावून डबीत न्या. लाल फ्लेक्सची पाकिटं काउंटरवर मागावी लागतात, ४० जणांसाठी ४० पाकिटं मागायला संकोच करू नका. स्वतःचा ओव्हन हाताशी असेल तर पापा मर्फीज बघा. ते कच्चा पिझ्झा देतात, तुम्ही ४२५ अंश फॅरनहाइटला भाजायचा. मिरची चीजच्या खाली घालता येते, करपत नाही.

---

निवडक_हिरवं

शाकाहाऱ्यांसाठी नेमकं लिहिते, कारण यात 'व्हेज आहे ना' एवढ्या प्रश्नाने भागत नाही.

चीज. अमेरिकेतलं बहुतेक कारखानी मोझरेला प्राणिजन्य नसलेल्या एन्झाइमने विरजतात. पण लेबलवर नुसतं 'एन्झाइम्स' लिहायला इथे परवानगी आहे, उगम सांगावा लागत नाही. पारंपरिक पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध विरजणारं द्रव्य) असतं. म्हणून कडक पाळणाऱ्यांसाठी आल्फ्रेडो सॉस, गार्लिक पार्मेजान सॉस, वर भुरभुरायचं पार्मेजान आणि पार्मेजान लावलेले ब्रेडस्टिक टाळा. साधा टोमॅटो सॉस आणि मोझरेला हीच त्यातल्या त्यात बिनघोर जोडी. चेनच्या साइटवर घटकांची यादी असते, ती दुकानातल्या मुलापेक्षा विश्वासाची.

अंडं. रँचच्या (बुडवून खायच्या पांढऱ्या सॉसच्या) वाटीत अंड्याचा बलक असतो. आपली मंडळी बेफिकीरपणे त्यात काठ बुडवतात. सीझर ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही, म्हणजे मासा. सॅलड मागवाल तर इटालियन ड्रेसिंग घ्या, तेही लेबल वाचून.

कांदा-लसूण न खाणारे. पिझ्झा सॉसमध्ये लसूण धरूनच चाला. डॉमिनोजच्या हँड टॉस्डच्या काठाचा लसूण ऑर्डर देताना काढता येतो, सॉसमधला नाही.

अर्धा-अर्धा पिझ्झा कधीच घेऊ नका. पेपरोनीचं केशरी तेल भट्टीत वितळून पलीकडे वाहतं, आणि कापायचं चाक दोन्ही अर्ध्यांतून एकच फिरतं. शाकाहारी पिझ्झे वेगळ्या ऑर्डरमध्ये द्या, चाक पुसून कापायला सांगा, किंवा न कापता आणा आणि घरच्या सुरीने कापा. 'नो कट' सांगितलं तर ऐकतात. न कापलेला पिझ्झा वाटेत कोरडाही कमी पडतो.

---

दशांशचिन्ह

संख्येचं मी सांगतो. १४ इंची लार्जचे ८ तुकडे. मोठ्यांना ३ आणि मुलांना २ धरा: ९० अधिक २० म्हणजे ११० तुकडे, १४ पिझ्झे. १२ इंची पॅनचेही ८ तुकडेच होतात, पण तुकडा लहान. पॅन पोटभरीचा असतो, तरी १६ घ्या.

इंचांनी फसू नका. क्षेत्रफळ बघा: १० इंची ७९ चौरस इंच, १२ इंची ११३, १४ इंची १५४, १८ इंची २५४. दोन स्मॉल म्हणजे जेमतेम एक लार्ज. मीडियमवरून लार्जला गेलात की ३६ टक्के जास्त मिळतं, किंमत क्वचितच तेवढी वाढते. डील दिसली की आधी किमतीला चौरस इंचांनी भागा.

१६ पिझ्झे एकदम हवे असतील तर आदल्या दिवशी वेळ ठरवून ऑर्डर द्या. ऐन वेळी दिली तर एका दमात भट्टीत जात नाहीत, पहिले आठ तयार होऊन बाकीच्यांची वाट बघत बसतात. आणि डिलिव्हरी चार्ज ही ड्रायव्हरची टिप नव्हे. १५ ते २० टक्के वेगळे द्यावेत, एवढा मोठा ढीग असेल तर नक्कीच.

उरलेले खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. दुसऱ्या दिवशी बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर २-३ मिनिटं, मग कडेला चार थेंब पाणी टाकून झाकण, आणखी मिनिटभर. तळ कुरकुरीत होतो, चीज वितळतं. मायक्रोवेव्हमध्ये पाव रबरासारखा होतो.

---

तिखटमीठ

या शनिवारी: डॉमिनोज पॅन १२, त्यातले ८ शाकाहारी, वेगळ्या ऑर्डरमध्ये, न कापता. कांदा-सिमला मिरची-ऑलिव्ह चार, हालपिन्यो-कांदा चार. मुलांसाठी लिटल सीझर्सचे डेट्रॉइट चार. रँच नाही. मिरचीच्या दोन डब्या मी आणते. तालीम सातला, ऑर्डर सव्वासहाची.