माजी सैनिकांचे कृष्णधवल फोटो: पदकं जळतात, रिबनी एकसारख्या दिसतात

प्रश्न

16 डिसेंबरला विजय दिवसाच्या कार्यक्रमात 1971 च्या लढाईतल्या माजी सैनिकांचा सत्कार आहे. फोटो कृष्णधवलच द्यायचे आहेत. आधीच्या कार्यक्रमाच्या फोटोंत छातीवरची पदकं पांढरीफटक झाली आणि रिबनींचे रंग एकमेकांत मिसळून गेले. चेहरा उजळला की भगव्या फेट्याच्या चुण्या गायब. क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि 50 एमएम एफ/1.8 लेन्स आहे. नेमकं कुठे चुकतंय?

प्रतिसाद 1

कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवा, पण फाइल रॉ (सगळे रंग जपणारी कच्ची फाइल) अधिक जेपेग घ्या. मागच्या स्क्रीनवर उजेड-सावली कळते आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतात. नुसतं मोनोक्रोम जेपेग घेतलं तर नंतर रिबन सुटी करायला हातात काहीच उरत नाही.

लेन्सचं छिद्र एफ/4 ठेवा. एफ/1.8 वर जवळून टिपलं तर डोळा धारदार येतो आणि पदकं धूसर. सावळा चेहरा, पांढरा सदरा, पांढरी टोपी असा मामला असेल तर चेहऱ्यावर मोजणी करू नका, सदरा जळणारच. झेब्रा (जळणारा भाग स्क्रीनवर पट्ट्यांनी दाखवणारी सोय) 100 वर लावा, एक्स्पोजर −0.7 करा आणि चेहरा नंतर उचला. पदक धातूचं असतं, त्यावर उजेड आरशासारखा चमकून पांढरा ठिपका पडतो. एक्स्पोजर कितीही कमी केलं तरी तो ठिपका राहतो. त्यापेक्षा साहेबांना खांदा किंचित वळवायला सांगा, चमक निघून जाते आणि पदकावरची नक्षी दिसते.

संगणकावर रंगीत रॉचं कृष्णधवलात रूपांतर करताना लाल फिल्टर (लाल रंग उजळवणारी सेटिंग) लावून बघा, त्वचा छान उजळते.

प्रतिसाद 2

लाल फिल्टरबद्दल सहमत नाही. इथे तोच घात करतो.

सेना मेडलची रिबन लाल, मधोमध बारीक पांढरी रेघ. लाल फिल्टर लावला की लाल रंग पांढुरका होतो आणि रेघ नाहीशी. महावीर चक्राची रिबन अर्धी पांढरी, अर्धी केशरी. तिचंही तेच, दोन्ही अर्धे एक होतात. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. तिला मात्र लाल फिल्टर मानवतो, केशरी उजळतं आणि निळं काळं पडतं. म्हणजे सगळ्यांना एकच फिल्टर चालत नाही. समोर कुठलं पदक आहे ते बघून मिक्सर (प्रत्येक रंगाचा राखाडीपणा ठरवणाऱ्या पट्ट्या) हलवायचा. सेना मेडल असेल तर लाल पट्टी −30 च्या आसपास न्या, रेघ ठळक उठते.

टोप्यांचंही बघा. पॅराशूट रेजिमेंटची मरून बेरे (मऊ गोल टोपी) आणि गडद हिरवी बेरे कृष्णधवलात जवळजवळ एकच राखाडी येतात. लाल आणि हिरवी पट्टी विरुद्ध दिशांना थोडी सरकवली की फरक कळतो.

फेट्याचं कारण सोपं आहे. भगवा रंग आणि आपली त्वचा दोन्ही मिक्सरच्या केशरी पट्टीत बसतात, म्हणून चेहऱ्यासाठी केशरी वाढवलं की फेटा सोबत जातो. केशरीला हात लावू नका. चेहऱ्यावर वेगळा मास्क (फक्त तेवढाच भाग बदलणारी निवड) घाला आणि तिथेच एक्स्पोजर +0.4 करा. क्लॅरिटी (बारीक रेघांचा उठाव वाढवणारी पट्टी) 10–15 च्या वर नको. पंचाहत्तरीच्या माणसाच्या सुरकुत्या आहेत तशाच सुंदर असतात; जास्त ओढल्या की कातडी करपल्यासारखी दिसते.

प्रश्नकर्ता

रिबनचं आता नीट कळलं. मंडपाचं कापड लाल-पिवळं आहे आणि स्टेजवर एलईडी दिवे आहेत. कृष्णधवलात व्हाइट बॅलन्सने (उजेडाची रंगझाक काढणाऱ्या सेटिंगने) काही फरक पडतो का?

प्रतिसाद 3

पडतो, बराच. लाल कापडाखाली सगळ्यावर लाल झाक चढते आणि मिक्सर त्या झाकेलाच त्वचा समजतो. आधी पांढऱ्या सदऱ्यावरून व्हाइट बॅलन्स बसवा, मग रंग काढून कृष्णधवल करा. शक्य असेल तर कापडाच्या कडेला, मोकळ्या आकाशाच्या उजेडात दोन मिनिटं उभं करून घ्या. त्यासारखा उजेड नाही.

साध्या एलईडीखाली शटर 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आणि दिवे त्या लयीत लुकलुकतात. निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर तिथे टाळा, आडवे पट्टे येतात. 1/100 वर हलणारा हात धूसर होतो, म्हणून सॅल्यूटचा हात वर जाऊन थांबतो त्या क्षणी टिपा. पुष्पचक्र वाहताना दोन पावलं मागे राहा. बिगुल आणि मौन चालू असताना कॅमेरा खाली.

प्रतिसाद 4

एक गोष्ट फार महत्त्वाची. फोटो कधीही आडवा उलटवू नका. स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावतात. वीरपत्नी किंवा मुलं दिवंगत सैनिकाची पदकं उजव्या बाजूला लावतात. आरशासारखा उलटवलात तर अर्थच बदलतो.

नाव लिहून घेताना हुद्दा, पलटण आणि गाव तिन्ही विचारा. "सुभेदार साहेब, आपली पलटण कोणती?" एवढं विचारलं की माणूस ताठ होतो, आणि खरा फोटो तेव्हाच मिळतो. मानद कॅप्टन असतील तर "मानद" गाळू नका. छावणीच्या हद्दीत कार्यक्रम असेल तर फोटोची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रिंट 8×10 इंच, मॅट. रंगीत कागदावर कृष्णधवल छापलं की हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते. म्हणून लॅबकडून आधी एक छोटी प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात बघा आणि मगच बाकीच्या द्या. मागे पेन्सिलने तारीख लिहा, शाई पुढे उमटते.