घर बदलताना सासूबाईंचा मोगरा कसा न्यायचा?

मंगळवार पेठेतलं घर सोडून आम्ही जूनअखेरीला फुलेवाडीला चाललोय. अंगणातला मोगरा सासूबाईंनी लावलेला, 20 वर्षांचा. बुंधा मनगटाएवढा झालाय. त्या आता नाहीत, म्हणून तो टाकून जायला मन होत नाही. काढला तर जगेल का?

— जगतोय की ताई! आधी फांद्या निम्म्या छाटा. बुंध्यापासून हातभर लांब गोल खणा, मुळांची माती झडू देऊ नका. गड्डा ओल्या गोणपाटात करकचून बांधा. लावल्यावर आठवडाभर सावली करा.

— पाऊस लागल्यावरच हलवा. तरी आजच चार काड्या कुंडीत लावून ठेवा.

— लावल्या होत्या. आज एकीला डोळा फुटलाय, मोहरीएवढा, हिरवागार.