गजबजलेल्या सत्रात मुले बक्षिसे मिळवतात, पण शिकण्याला वेळ उरतो का?

धागाकर्ती (गणित व विज्ञान शिक्षिका)

माध्यमिक शाळेच्या एकाच सत्रात चाचण्या, क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, नाटकाच्या तालमी आणि सत्र परीक्षा एकापाठोपाठ एक येतात. सत्र संपताना पारितोषिकांची व गुणवंतांची यादी तयार असते. त्यातून मुले काय शिकली हे मात्र कोणी पडताळून पाहत नाही, कारण तोपर्यंत पुढचा कार्यक्रम येऊन ठेपलेला असतो. माझे म्हणणे असे की, अशा सत्रात शाळेने एखादा उपक्रम कमी केला तरी चालेल, परंतु तपासलेली उत्तरपत्रिका परत देण्याची तासिका कोणत्याही कारणाने काढून घेऊ नये. त्या तासिकेत उत्तरपत्रिकेवर केवळ शेरे असावेत आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगावेत.

उत्तरपत्रिका हाती पडल्यावर वर्गात काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी आधी पहिल्या पानावरची बेरीज पाहतो, मग शेजाऱ्याची, आणि मग कुठे अर्धा गुण राहून गेला आहे का, एवढ्यासाठीच पाने उलटतो. "पद दुसऱ्या बाजूला नेताना चिन्ह बदललेले नाही, पुन्हा सोडवून पाहा" हा समासातला शेरा त्याच्या नजरेखालून जातो, पण वाचला जात नाही. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या, पाचवी-सहावीच्या मुलांवरील प्रयोगात ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची पुढची कामगिरी सुधारली. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्या मुलांना मात्र त्या शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. मुलांनी गुण मिळवू नयेत असे मी म्हणत नाही. चूक समजून घेण्याची संधी गुणांच्या गडबडीत हातची जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

प्रतिसाद : नाट्य व क्रीडा शिक्षक

"एखादा उपक्रम कमी केला तरी चालेल" या विधानाशी मी पूर्णपणे असहमत आहे. शिकणे वर्गात होते आणि उपक्रमात केवळ मिरवणे होते, हा समज त्यामागे दडलेला दिसतो. आमच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीने एक बारीक आणि एक जाड अशा दोन सिरिंज पाण्याने भरलेल्या नळीने जोडून वजन उचलण्याचे यंत्र मांडले होते. पास्कलचा नियम (बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो) तिला तोंडपाठ होता, पण एका पाहुण्यांनी "बारीक दट्ट्या इतका आत जातो, मग जाड दट्ट्या एवढासाच वर का येतो?" असे विचारले, तेव्हा ती गप्प झाली. संध्याकाळी तिने मोजमाप केले. जाड सिरिंजचा व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट; सरकलेले पाणी मात्र तेवढेच, म्हणून अंतर एक चतुर्थांश आणि बल चौपट. दुसऱ्या दिवशी ती हे येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगत होती. प्रदर्शन नसते, तर हा प्रश्न तिला कोणी विचारला असता?

प्रतिसाद : एक पालक

गुण एक दिवस लपवण्याने मुले शेरे वाचतील, असे मला वाटत नाही. ती रात्रभर अंदाज बांधत बसतील. माझा मुलगा अभ्यासात मध्यम आहे. रिले संघात निवड झाली, तेव्हा शाळेत त्याचे नाव पहिल्यांदाच सर्वांसमोर घेतले गेले आणि त्यानंतर तो वर्गातही हात वर करून प्रश्न विचारू लागला. यशाच्या याद्यांना सरसकट नावे ठेवू नका.

प्रतिसाद : दुसऱ्या पालक

मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, मात्र कारण वेगळे आहे. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्राविज्ञान अकादमीने २०१६ मध्ये केली आहे. तालीम, शिकवणी आणि प्रकल्प एकाच आठवड्यात आले की सर्वांत आधी झोपेवरच गदा येते.

प्रतिसाद : भाषा शिक्षिका

इतके शेरे लिहिणार कोण? तीन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना गुणांची बेरीज चुकू न देणे हीच कसरत असते. शिवाय चाचण्यांची गर्दी वाईटच असते, हेही मला मान्य नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, वाचलेले आठवून लिहिण्याची चाचणी दिलेल्यांच्याच अधिक लक्षात राहिले होते.

धागाकर्ती

चाचणीने स्मरण पक्के होते, हे मलाही मान्य आहे. पण त्या प्रयोगातले विद्यार्थी महाविद्यालयीन होते आणि काम उतारा आठवण्याचे होते. समीकरण सोडवण्याची चुकीची रीत मुलाने प्रत्येक चाचणीत गिरवली, तर चाचण्या वाढवून ती रीत सुधारणार नाही. शेऱ्यांबाबत म्हणाल तर, प्रत्येक उत्तराला शेरा नकोच. प्रत्येक उत्तरपत्रिकेत एकच उदाहरण निवडावे, त्यावर एक ओळ लिहावी आणि ते उदाहरण विद्यार्थ्याने त्याच तासिकेत पुन्हा सोडवावे. गुण कधी कळतील हे आधीच जाहीर केले, तर पालकांनी व्यक्त केलेली धास्तीही बरीच कमी होईल.

सिरिंजचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे, असे मी म्हणेन. त्या मुलीला नेमका प्रश्न भेटला आणि त्यावर विचार करायला मोकळी संध्याकाळ मिळाली. त्याच संध्याकाळी तिची नाटकाची तालीम असती, तर तो प्रश्न तिथेच विरून गेला असता.

नाट्य व क्रीडा शिक्षक

मोकळ्या वेळेचा मुद्दा मी स्वीकारतो आणि प्रदर्शनानंतर एक तासिका केवळ मुलांना पडलेल्या प्रश्नांसाठी ठेवावी, अशी मागणी मीही करीन. उपक्रम कमी करण्यास माझा विरोध मात्र कायम आहे. परीक्षा जवळ आली की खेळाची तासिका गणिताला दिली जाते, हा बहुतेक शाळांमधला अनुभव आहे. उत्तरपत्रिकेची तासिका राखून ठेवायची असेल, तर ती कोणत्या विषयाच्या वाट्यातून येणार, हे प्रस्तावातच स्पष्ट लिहावे.