मास्तरांनी तयारी करूनच वर्गात यावं की नाही? मोकळं बोला

यावलची ताई
सरळच बोलते. तयारी न करता वर्गात येणं म्हणजे तीस-चाळीस पोरांचा तास वाया घालवणं, आणि आपण पालक ते 'चालतं हो' म्हणून सोडून देतो. माझा पोरगा तिसरीला. हातच्याची तीन अंकी वजाबाकी सुरू व्हायची होती, त्या दिवशी सरांनी आल्या आल्या विचारलं 'काल कुठपर्यंत आलो होतो रे' आणि मनात आलं ते गणित फळ्यावर टाकलं, 503 वजा 267. आता बघा, 3 मधून 7 जात नाहीत म्हणून दशकाकडे हातचा मागायला जावं तर तिथे शून्य, म्हणजे आधी शतकातला एक मोडायचा, मग दशकातला, तेव्हा कुठे एककाला काही मिळणार. पहिल्याच दिवशी हे! अर्ध्या पोरांनी आकडे उलटे करून सातातून तीन वजा केले आणि 4 लिहून मोकळे झाले. पोरगं घरी आलं ते 'मला गणित येत नाही' म्हणतच. मग पऱ्हाटीच्या काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, आधी 52 वजा 27 केलं, जुडी सोडून दाखवली, मग 543 वजा 267, मग ते शून्यवालं, तर आलं की त्याला. कोणतं उदाहरण आधी आणि कोणतं नंतर एवढंच आदल्या दिवशी ठरवायचं होतं.

झेडपी मास्तर, साक्री
ताई, तुमचा राग कळतो, पण शाळा एकदा आतून बघा. माझी द्विशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी आणि आम्ही दोघं, म्हणजे एका वेळी समोर दोन इयत्ता असतातच, आणि दुसरे गुरुजी मीटिंगला गेले की चारही. त्यात खिचडीचा तांदूळ मोजा, जेवणाऱ्या पोरांची संख्या मोबाईलवर भरा, यूडायसची म्हणजे सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरा, वर बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं शिक्षकाला देता येतात हे आरटीईच्या म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्येच आहे. टाचण म्हणजे पाठाची लेखी आखणी म्हणाल तर रोज लिहितो, साहेब येतात, सही करतात, पण त्या वहीचा वर्गाशी संबंधच उरला नाही. तयारी कधी करायची ते तुम्हीच सांगा.

पारोळ्याचा भाऊ
गुरुजी, त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास सांगितलेत आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. म्हणजे तयारी हा उपकार नाही, नोकरीचाच भाग आहे. बीएलओचं काम काही बाराही महिने सारखं नसतं ना भो.

तासिकावाला, धुळे
45 तास त्यांना ज्यांना पगार आहे. मी ज्युनिअर कॉलेजला तासिका तत्त्वावर आहे, वर्गात उभा राहिलो तेवढ्या तासाचे पैसे, तेही वेळेवर नाहीत. घरी बसून जी तयारी करतो तिचा एक रुपया मिळत नाही आणि तरी करतो, कारण पोरं समोर बसलेली असतात, पण ते सक्तीने मागायचा हक्क तुम्हाला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त गुरुजी, अमळनेर
मला हा सगळा तयारी-तयारीचा गजर पटत नाही. आयुष्यभर शिकवलं, अनुभव आला की पुस्तक न उघडता धडा घेता येतो. कागदावर तास आखून येणारे नवे मास्तर पोराने वेगळा प्रश्न विचारला की गडबडतात. पोरांचे चेहरे बघून शिकवायचं असतं.

पारोळ्याचा भाऊ
आप्पा, तुमच्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात 1924 ते 1930 साने गुरुजी होते. वर्ग, वसतिगृह सांभाळून पोरांसाठी छात्रालयाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. ती तयारी नाही तर काय?

झेडपी मास्तर, साक्री
गुरुजींबद्दल आदर आहेच, पण एका माणसाच्या त्यागाचं माप सगळ्या नोकरदारांना लावू नका भाऊ.

धडगावहून
आप्पा, अनुभवाचं म्हणता तर माझं ऐका. मी मैदानी भागात बरीच वर्षं शिकवून सातपुड्यात आले आणि तो अनुभव पहिलीच्या वर्गात पार लंगडा पडला. पोरं घरी पावरी नाहीतर भिली बोलतात, पुस्तक मराठी. मी तोंडपाठ असलेली गोष्ट सांगत होते आणि समोर सगळे गप्प, चेहरे बघून फक्त एवढंच कळलं की कळत नाहीये. आता चित्राचं पान घ्यायचं असलं की आदल्या दिवशी अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना विचारून त्यातल्या वस्तूंची पावरी नावं पाटीमागे लिहून ठेवते. फार वेळ जात नाही, आणि पोरं पहिल्या मिनिटाला बोलायला लागतात. तुमच्या भागात अहिराणी बोलणाऱ्या पोरांचंही हेच आहे, 'काय करी ऱ्हायना' म्हणणाऱ्या पोराला पुस्तकी वाक्यावर एकदम नेऊन कसं चालेल?

निवृत्त गुरुजी, अमळनेर
पहिलीचं मान्य. आठवी-नववीला मी माझ्या मतावर ठाम आहे.

यावलची ताई
आप्पा, दहावीचंच घ्या मग. प्रकाशाचं अपवर्तन, काचेची वीट आणि टाचण्या घेऊन किरण वाकतो ते पोरांना स्वतः बघता येतं. पण वीट कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत, की संपला तास, आणि 'आकृती पाठ करा' हा गृहपाठ. यात अनुभव काय करणार? वस्तू सकाळीच काढून ठेवायला हवी होती, बस. साक्रीचे सर, तुमच्यावर कामं लादलीत ती चूकच आहे आणि त्याविरुद्ध मी तुमच्या बाजूने बोलेन, मला ती साहेबांची वहीही नको. पहिलं उदाहरण काय, हातात वस्तू काय, न कळणाऱ्या पोराला काय विचारायचं, एवढं डोक्यात ठरलेलं असावं एवढंच म्हणतेय. तासिकावाले दादा, तुम्हाला तयारीचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण ते मिळेपर्यंत माझ्या पोराची तिसरी थांबत नाही हो.

झेडपी मास्तर, साक्री
मग एक करा ताई. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथे येऊन बसा. आमच्याकडे पालक फक्त सहीपुरते येतात. पोषण आहाराच्या नोंदी मास्तरांकडून काढा आणि तो वेळ तयारीला द्या असा ठराव तुम्ही मांडा, आम्ही मांडला तर कामचुकार ठरतो.

यावलची ताई
मांडते. पण वेळ मिळाल्यावर तो तयारीलाच जातो का हेही त्याच बैठकीत विचारणार, ते आत्ताच सांगून ठेवते.