मदत हवी आहे: व्हर्टिकल सर्कल, उत्तर ४ कसं येतं? उद्या प्रिलिम आहे

बारावी_ब_तुकडी
व्हर्टिकल सर्क्युलर मोशनचा एमसीक्यू आहे. गोळ्याने पूर्ण उभी चक्कर मारायला लागणारा मिनिमम स्पीड विचारलाय. मला ४.४७ येतंय आणि मागे उत्तर ४ दिलंय. तीनदा करून बघितलं. आमच्या ग्रुपवर पण सगळ्यांचं ४.४७ च आहे. उद्या अकराला पेपर आहे, कुणीतरी लवकर सांगा.

खिडकीजवळचा बाक
प्रश्न तरी टाक पूर्ण. त्रिज्या किती? जी किती धरलाय? स्पीड कुठल्या पॉइंटचा?

बारावी_ब_तुकडी
आर म्हणजे त्रिज्या ०.४ मीटर, जी म्हणजे गुरुत्व त्वरण १०. बॉटमचा स्पीड. रूट फाइव्ह आर जी, म्हणजे √२० = ४.४७. सरळ आहे.

खिडकीजवळचा बाक
मग तुझंच बरोबर आहे. आन्सर की चुकलीय. मागच्या वर्षी अशाच एका चुकीच्या कीपायी माझी अख्खी रात्र गेली होती. सोडून दे आणि पुढचा धडा घे.

पाटीपेन्सिल
की चुकली असं लगेच म्हणू नका. टॉपच्या मिनिमम स्पीडचा वर्ग म्हणजे जी गुणिले आर, १० × ०.४ = ४. वर्गमूळ घ्यायचं राहिलं असणार. खरं उत्तर २.

बारावी_ब_तुकडी
बॉटमचा विचारलाय असं वर लिहिलंय मी. आणि २ हा वेगळा ऑप्शन आहे.

पाटीपेन्सिल
ऑप्शन आहेत हे आत्ता सांगतोयस. सगळे लिही.

बारावी_ब_तुकडी
अ) २ ब) ३.४६ क) ४ ड) ४.४७

घाटरस्ता
याच धड्यातला मौत का कुआँ पक्का करून जा. तिथे नॉर्मल रिअ‍ॅक्शन आतल्या बाजूला असते आणि घर्षण गाडीला वर धरून ठेवतं, म्हणून मिनिमम स्पीड = √(आर × जी ÷ म्यू), म्यू म्हणजे घर्षणांक. बरीच मुलं म्यू वर लिहितात. घर्षण कमी असेल तर वेग जास्त लागणार, एवढं लक्षात ठेवलं तर म्यू खालीच येतो. आमच्या गावच्या जत्रेत बघितलंय, मोटरसायकलवाला आधी तळाच्या तिरक्या फळ्यांवर वेग घेतो, मग उभ्या भिंतीवर जातो. सूत्रात वस्तुमान नाही, म्हणून त्याच भिंतीवर चारचाकीसुद्धा फिरते.

बारावी_ब_तुकडी
दादा तो येतो मला. माझा प्रश्न वेगळा आहे.

खडू_फळा
पर्याय नीट बघ. २ म्हणजे √(जी × आर), दोरीचा वरच्या बिंदूचा वेग. ३.४६ म्हणजे √१२, दोरी आडवी असतानाचा. ४.४७ खालच्या बिंदूचा. प्रश्न काढणाऱ्याने दोरीची तिन्ही उत्तरं शेजारी ठेवली आहेत आणि चौथं ४, म्हणजे √(४ × १० × ०.४), वेगळं. छपाईची चूक इतकी नेमकी होत नाही. गोळा कशाला बांधलाय? प्रश्नाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं लिही.

बारावी_ब_तुकडी
"२०० ग्रॅम वस्तुमानाचा लहान गोळा ०.४ मीटर लांबीच्या हलक्या ताठ रॉडच्या एका टोकाला बसवला आहे. रॉड दुसऱ्या टोकाभोवती उभ्या प्रतलात मुक्तपणे फिरू शकतो." सर, रॉड काय आणि दोरी काय, सर्कल तर तेच ना?

खडू_फळा
इथेच सगळं आहे. दोरी फक्त ओढू शकते, रॉड ओढूही शकतो आणि ढकलूही शकतो.

दोरीचा गोळा वर पोचला की गुरुत्वाकर्षण त्याला केंद्राकडे, म्हणजे खाली ओढतं. वेग फार कमी असेल तर तेवढं अभिकेंद्री बल लागतच नाही, एमजी, म्हणजे गोळ्याचं वजन, जास्त ठरतं आणि गोळा वर्तुळ सोडून आत येतो. त्याला वर रेटणारं कुणी नसतं. म्हणून तिथे वेग निदान √(जी × आर) हवा. रॉडचा गोळा वर पोचून जवळजवळ थांबला तरी चालतं, कारण रॉड त्याला खालून टेकू देतो. म्हणून वरचा किमान वेग शून्य. आता खालून वरपर्यंत उंचीतला फरक २ आर. खालची गतिज ऊर्जा तेवढ्या स्थितिज ऊर्जेला पुरली की झालं. वेगाचा वर्ग = ४ × जी × आर = १६. वेग ४.

घरात करून बघ. खोडरबर दोऱ्याला बांध आणि हळू फिरव, वर गेला की दोरा सैल पडतो. तोच रबर पट्टीच्या टोकाला घट्ट बांध आणि पट्टी हातात धरून तशीच हळू फिरव. वर नेऊन थांबवलास तरी पडत नाही.

बारावी_ब_तुकडी
अच्छा!! रॉडची केस पुस्तकात आहे, मी दोन ओळी म्हणून सोडली होती.

पुण्याची_आई
माझी मुलगी पण यंदा बारावीला आहे. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापतात का? तिच्या मैत्रिणी वेगवेगळं सांगतात.

खिडकीजवळचा बाक
काकू, एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, फिजिक्सच्या प्रश्नाला १ गुण. नीटला चुकलं की १ गुण जातो. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, इथे त्याचा पेपर उद्या आहे.

पाटीपेन्सिल
सरांचं बरोबर आहे, पण सेंट्रिफ्युगलने, म्हणजे बाहेर फेकणारं अपकेंद्री बल धरून, सोपं पडतं. टॉपला सेंट्रिफ्युगल वर, एमजी खाली, दोन्ही सारखे झाले की दोरीतलं टेन्शन, म्हणजे ताण, शून्य. एका ओळीत होतं.

खडू_फळा
त्या पद्धतीला विरोध नाही, पण मग फिरत्या चौकटीतून बघतोय हे उत्तरात लिहा. मुलं एकाच आकृतीत अभिकेंद्री आणि अपकेंद्री दोन्ही दाखवतात आणि वर 'दोन्ही समान म्हणून गोळा फिरतो' असं लिहितात. बलं समान असती तर गोळा सरळ रेषेत गेला असता. मी बाहेर उभा राहून बघतो: ताण, वजन, दोनच बलं, आणि त्यांची केंद्राकडची बेरीज.

पाटीपेन्सिल
एमसीक्यूला आकृती कोण बघतंय? प्रश्नाला मिनिट-दीड मिनिट असतं.

खडू_फळा
तीच मुलं बोर्डाच्या पेपरात डेरिव्हेशनही लिहितात. सवय एकच राहते.

शून्याच्या_पुढे
नेमकं बोलायचं तर बरोबर ४ वेग दिला तर गोळा टोकाला कधीच पोचणार नाही. वर जाताना वेग शून्याकडे जातो आणि शेवटचा तुकडा कापायला अनंत वेळ लागतो. ४ पेक्षा किंचित जास्त म्हणायला हवं.

बारावी_ब_तुकडी
मग पेपरात काय लिहू??

शून्याच्या_पुढे
४ च. ही सीमा आहे, ती ओलांडायची असते, एवढंच म्हणणं होतं.

बारावी_ब_तुकडी
याच्याच पुढच्या भागात बॉटमला रॉडमधलं टेन्शन विचारलंय. मी ६ एमजी = १२ न्यूटन लिहिलं, उत्तर १० आहे. आता हे का? टॉप आणि बॉटममधला फरक ६ एमजी पाठ आहे माझा.

खिडकीजवळचा बाक
६ एमजी फक्त दोरीला. रॉडला ५.

खडू_फळा
थांबा, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. फरक ६ एमजी हा दोन्हीकडे खरा आहे. दोरीच्या किमान वेगाला वरचा ताण शून्य असतो, म्हणून खालचाच ६ एमजी येतो. रॉडमध्ये वर ताण नाही, उलट रॉड गोळ्याला एमजीएवढ्या बलाने वर रेटतो. ताण म्हणून लिहिलं तर उणे एमजी. त्यात ६ एमजी मिळव, खाली ५ एमजी. आकडे घालून ताळा कर: एमजी = २ न्यूटन, एम व्ही वर्ग भागिले आर = ०.२ × १६ ÷ ०.४ = ८. बेरीज १०.

बारावी_ब_तुकडी
आलं. आणि दोरीलाच ४ चा वेग दिला तर? अर्ध्यातून पडेल?

शून्याच्या_पुढे
अर्धं पार करून पुढे जाईल. ताण शून्य होतो तिथे कोस थीटा = २/३ येतं, थीटा वरच्या बिंदूपासून मोजलेला. म्हणजे टोकाच्या साधारण ४८ अंश अलीकडे दोरी सैल पडते. तिथे वेग १.६३ च्या आसपास असतो, म्हणून गोळा सरळ खाली न पडता फेकल्यासारखा पॅराबोलात जातो. 'दोरी सैल झाली की सरळ खाली' असा ऑप्शन असला तर घेऊ नकोस.

खडू_फळा
आता तू सांग. उभ्या वर्तुळात वाकवलेल्या गुळगुळीत नळीच्या आत गोळी फिरते. खालचा किमान वेग दोरीसारखा की रॉडसारखा?

बारावी_ब_तुकडी
रॉडसारखा. वर गोळी हळू झाली तर नळीची खालची भिंत तिला धरेल. पण नळी नसून नुसता वर्तुळाकार ट्रॅक असेल आणि गोळी आतून फिरत असेल तर दोरीसारखा, कारण ट्रॅक आतल्या बाजूलाच ढकलतो. बरोबर?

खडू_फळा
बरोबर. आता जेवून झोप.

एक_पेन_निळं
४.४७ च उत्तर आहे. √(५ × १० × ०.४). की चुकीची आहे, तक्रार करा.

पाटीपेन्सिल
रॉड आहे हो. वर वाचा.