सोसायटीच्या दिवाळी फोटो स्पर्धेचा विषय ‘उजेड’ : आलेल्या फोटोंवर ग्रुपमधली चर्चा (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी फ्लॅट नंबर)

ए-२०३ (समिती) : मंडळी, ‘उजेड’साठी आलेले पहिले सहा फोटो वर टाकलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, फक्त नंबर आहेत. भाऊबीजेच्या रात्री १० पर्यंत फोटो बदलून देता येईल, म्हणून आत्ताच स्पष्ट बोला. नुसते अंगठे आणि पुष्पगुच्छ नकोत. काय बिघडलंय, कशामुळे बिघडलंय आणि आज संध्याकाळी काय करून बघायचं, तेवढं लिहा.

सी-५०४ : फोटो १, बाल्कनीतला लाल कंदील. मांडणी चांगली आहे, पण कंदील जळलाय, म्हणजे फोटोत नको इतका उजळ आलाय. मधे कागदाच्या चुण्या दिसतच नाहीत, लालऐवजी पिवळट-गुलाबी डाग आलाय. फोनला समोर बराचसा काळोख दिसतो, तो अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो आणि रात्रीची दुपार करायला जातो. त्यात भिंत उजळते आणि कंदिलाचा बळी जातो. लाल-केशरी कंदिलात हे लवकर होतं, कारण फोन लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या चॅनलमध्ये मोजतो आणि तिथे लाल चॅनल हिरव्या-निळ्याच्या कितीतरी आधी भरतो. एकदा भरला की त्यातला तपशील एडिटिंगमध्ये परत येत नाही.

बी-१०२ : फोनवर उपाय सोपा आहे. कंदिलाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा, लॉकची खूण येईपर्यंत. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. चुण्या दिसायला लागल्या की थांबा. प्रो मोडमध्ये एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजळपणा) उणे १ ते उणे १.७ च्या दरम्यान कुठेतरी जमतं.

डी-३०१ : फोटो माझाच आहे, आता लपवून काय करू! सूर्य खाली ओढला की कंदील छान येतो, पण मागचं आकाश आणि समोरची बिल्डिंग गडप. नुसता लाल गोळा अधांतरी लोंबतो.

सी-५०४ : वहिनी, मग सेटिंगला हात लावू नका, वेळ बदला. या दिवसांत पुण्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. सव्वासहा ते साडेसहा एवढ्या पंधरा मिनिटांत आकाश गडद निळं असतं आणि त्याचा उजेड कंदिलाच्या जवळपास येतो. दोन्ही एकाच फोटोत मावतात. सातनंतर आकाश काळंच येणार, कितीही महागडा कॅमेरा आणा. सहालाच कंदील लावून, जागा ठरवून उभ्या राहा.

बी-४०३ : आणि बल्ब कितीचा आहे ते बघा. हल्ली सर्रास ९ वॉटचा एलईडी लावतात, तो कंदिलासाठी फारच झाला. फोटोपुरता अर्ध्या वॉटचा झिरोचा एलईडी लावा, पांढरा, रंगीत नको. उजेड पंधरा-वीस पटींनी उतरतो, म्हणजे चार स्टॉप (एक स्टॉप उतरला की उजेड निम्मा). कागदातून बल्बचा गोळा दिसत असेल तर कंदिलाच्या आत, बल्बपासून दोन बोटं अंतर ठेवून, बटर पेपरची नळी उभी करा. उजेड सगळीकडे सारखा पसरतो. हे एलईडीलाच करायचं, जुन्या तापणाऱ्या बल्बला अजिबात नाही. आणि मेन स्विच बंद करून मगच बल्ब बदला.

सी-५०४ : हा सगळ्यात चांगला सल्ला. कॅमेऱ्याशी झटापट करण्यापेक्षा दिवाच मंद करावा.

ए-६०२ : फोटो २ मध्ये माळेवर आडवे काळे पट्टे कसले? डोळ्यांना तर माळ स्थिर दिसते.

बी-४०३ : आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त माळेत उजेड स्थिर ठेवणारा कपॅसिटर नसतो, त्यामुळे ती सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते, काही माळा तर ५० वेळा चक्क विझतात. डोळ्यांना कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र पूर्ण चित्र एका दमात घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. शटर १/५०० असेल, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरताच उजेड घेत असेल, तर काही ओळींच्या वाट्याला पेटलेली माळ येते, काहींच्या विझलेली. तेच पट्टे. शटर १/१०० ठेवा, तरी राहिले तर १/५०. त्यात वर-खालीचं चक्र पूर्ण होतं, म्हणून सगळ्या ओळींना सारखा उजेड मिळतो.

ए-६०२ : पण १/५० वर माळ पांढरी फटक होते.

बी-१०२ : आयएसओ, म्हणजे उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, किती आहे? तो ५० किंवा १०० वर आण. तुझा बहुतेक ऑटोवर असेल. शटर हाताने लावलं की ऑटो आयएसओ गप्प बसत नाही, भरपाई करायला वर चढतो. तरीही जळत असेल तर माळेपासून लांब जा आणि माळ चौकटीत लहान ठेव.

ए-६०२ : आणि निम्मेच दिवे लागलेले येतात, त्याचं काय?

बी-४०३ : ती चालती माळ आहे. कंट्रोलरचं बटण दाबत दाबत ‘सगळे चालू’वर आण. तशी सोयच नसेल तर फोन टेकवून २ सेकंदांचं शटर दे, तेवढ्यात माळेची एखादी फेरी पूर्ण होते.

सी-५०४ : फोटो ३, पणत्यांची रांग. तिरकी रेघ बरी आहे. पण प्रत्येक ज्योतीला जुळी बहीण झालीय आणि वरच्या कोपऱ्यात हिरवे ठिपके. हे दोन वेगळे आजार आहेत.

बी-१०२ : जुळ्या ज्योती नाइट मोडमुळे. फोन पाठोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन एकमेकींवर बसवतो, तेवढ्यात ज्योत हलते. चंद्राचं चिन्ह दाबून तो मोड बंद करा. हिरवे ठिपके म्हणजे ज्योतींचीच प्रतिबिंबं. उजेड सेन्सरवरून उलटा फिरतो, भिंगांच्या काचांवर आपटून परत येतो. ते ठिपके नेहमी मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे पडतात : ज्योत खाली डावीकडे, तर ठिपका वर उजवीकडे. हे लक्षात आलं की पळवाटही सापडते. फोन थोडा कलवून पणत्यांची रांग चौकटीच्या बरोबर मधून जाईल असं करा. मग ठिपके त्याच रांगेत पडतात आणि ज्योतींच्या झगमगाटात लपतात. लेन्सवर जास्तीची संरक्षक काच चिकटवली असेल तर ती आधी काढा.

डी-३०१ : आणि लेन्स पुसा! चकलीचं तेल लागलेल्या बोटांनी फोन उचलला की प्रत्येक दिव्याला धुरकट शेपूट येते. चष्मा पुसायच्या फडक्याने पुसायची, पदराने नाही.

सी-५०४ : पणतीबद्दल अजून थोडं. ज्योतीचा गाभा पांढरा येणारच, तो वाचवायच्या भानगडीत पडू नका. ज्योत आणि तिने उजळलेली भिंत यांच्या तेजात हजार पटींहून जास्त फरक असतो. कडेचा केशरी रंग आणि पणतीची माती दिसली की पुरे. व्हाइट बॅलन्स (फोटोचा रंग पिवळा-निळा किती ठेवायचा ते सेटिंग) ऑटोवर सोडला तर फोन ज्योतीचा पिवळेपणा धुऊन काढायला बघतो. ज्योतीचं रंगतापमान २००० केल्विनच्या आसपास असतं. तुम्ही ३००० ते ३५०० ठेवा, म्हणजे ऊब राहते आणि सगळं भगवंही होत नाही.

वात काठाच्या बाहेर अर्धा सेंटिमीटरच ठेवा. लांब वात म्हणजे उंच, नाचरी ज्योत आणि काजळी. पंखा बंद. तेल काठाच्या जरा खालपर्यंत भरलं आणि फोन पणतीच्या थोडा वर धरला की तेलात ज्योतीचं प्रतिबिंब दिसतं. फोटो ३ मध्ये पणत्या अर्ध्याच भरल्यात, ती गंमत हुकली.

सी-२०१ : फोटो ४ वर कुणीच बोलत नाही! रांगोळीचं वर्तुळ अंड्यासारखं का आलंय?

बी-१०२ : ताई, दोन कारणं. एक, फोटो ०.५ एक्सवर, म्हणजे फोनच्या वाइड लेन्सने काढलाय. ती लेन्स कडेच्या वस्तू ताणते. दोन, फोन जमिनीला समांतर नव्हता. ग्रिड आणि लेव्हल चालू करा. फोन सरळ खाली धरला की बऱ्याच फोनवर दोन अधिकचिन्हं दिसतात, ती एकमेकांवर बसवा. १ एक्सवर चार फुटी रांगोळी पूर्ण यायला लेन्स जमिनीपासून साधारण पाच फूट वर हवी. म्हणजे स्टूलही नको, हात पुढे करून ३ सेकंदांचा टायमर लावला तरी भागतं. पायाची बोटं तेवढी चौकटीबाहेर.

सी-५०४ : पण विषय रांगोळी नाही, उजेड आहे. वरच्या ट्यूबलाइटमुळे रांगोळी छापील स्टिकरसारखी सपाट दिसते. ट्यूब बंद करा आणि एका बाजूला तीन-चार पणत्या ओळीने ठेवा. उजेड जमिनीलगत तिरका आला की रांगोळीचा कण न् कण सावली टाकतो, बोटांनी ओढलेल्या रेघेचा उंचवटाही दिसतो. फ्लॅश चुकूनही नको.

ए-२०३ (समिती) : मधेच एक नियम सांगते, कारण विचारणा झालीय. उजेड कमी-जास्त करणं, कातरणं, रंग दुरुस्त करणं चालेल. आकाश बदलणं, दिवे वाढवणं, एआयने काही घालणं किंवा पुसणं चालणार नाही. शंका आली तर मूळ फाइल मागू.

ए-६०२ : फोटो ५, पणती धरलेली मुलगी. चेहरा अंधारात आणि हात जळलेत. कसं सुधारायचं?

सी-५०४ : अंतराचा हिशेब आहे. दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. पणती हातापासून दोन इंचांवर आणि चेहऱ्यापासून दीड फुटावर असेल तर दोघांचा मेळ कसा बसणार? पणती तळहातावर न ठेवता छोट्या ताटलीत ठेवून धरायला सांगा आणि चेहऱ्यासाठी वेगळा उजेड द्या. स्टुलावर ताट, ताटात सहा-सात पणत्या, चेहऱ्यापासून दोन फुटांवर, चौकटीच्या जरा बाहेर. बघणाऱ्याला वाटतं उजेड हातातल्या पणतीचाच आहे. लहान मुलीला सुती कपडे, केस मागे बांधलेले, ओढणी नको, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर.

बी-१०२ : फोनवर आयएसओ ८००, शटर १/३० पासून सुरुवात करा. १/३० ला हात हलतो. ट्रायपॉड नसेल तर अर्धा किलो तांदळाची पिशवी कठड्यावर ठेवून त्यात फोन आडवा रुतवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. फोकस डोळ्यांवर. फोन स्वतः होऊन ज्योतीवर फोकस करतो, म्हणून डोळ्यांवर टॅप करून मगच एक्स्पोजर खाली ओढायचं.

बी-४०३ : फोटो ६, फुलबाजीने लिहिलेलं ‘शुभ’. कल्पना मस्त आहे. पण मागे ‘पार्किंग’ची पाटी उलटी दिसतेय.

सी-५०४ : लिहिणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून नेहमीसारखं लिहितो, ते कॅमेऱ्याला आरशातल्यासारखं उलटं दिसतं. मग फोटो आडवा फ्लिप करावा लागतो आणि मागच्या पाट्या, गाड्यांच्या नंबर प्लेट सगळं उलटं होतं. मागे रिकामी भिंत किंवा झाडं घ्या.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ ११ (भिंगाचं छिद्र लहान), शटर ८ ते १० सेकंद. फोकस अंधारात लागत नाही, म्हणून लिहिणाऱ्याच्या छातीवर टॉर्च मारून फोकस करा आणि मॅन्युअलवर टाका. लिहिणाऱ्याने गडद कपडे घालावेत आणि एका जागी फार वेळ उभं राहू नये, नाहीतर भूत उमटतं. अक्षरं आधी, शिरोरेघ शेवटी एका झटक्यात. दोन अक्षरांच्या मधे फुलबाजी पाठीमागे न्यायची, नाहीतर ठिणग्यांचा धागा त्यांना जोडतो. या फोटोत ‘शु’चा उकार ‘भ’ला जाऊन चिकटलाय तो त्यामुळेच.

बी-१०२ : बहुतेक फोनना एफ बदलता येत नाही, छिद्र कायम मोठंच असतं. त्यामुळे आयएसओ सगळ्यात कमी आणि शटर ४ सेकंद, एकच अक्षर लिहा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडता येतं, पण लाइव्ह फोटो ३ सेकंदांचाच असतो, तेवढ्यात ‘ॐ’ होतो फार तर. फुलबाज्या पाण्याच्या बादलीत विझवा. विझलेली तारही बराच वेळ तापलेली असते, लॉनवर अनवाणी मुलं फिरतात.

ए-२०३ (समिती) : आता पाठवण्याबद्दल. निम्म्या लोकांनी ग्रुपवर नेहमीसारखे साधे फोटो म्हणून पाठवलेत. तसे चालणार नाहीत, ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. आपण ८ बाय १२ इंची प्रिंट काढून क्लब हाउसमध्ये लावणार आहोत.

डी-३०१ : इतका फरक पडतो?

बी-१०२ : हो. साध्या पद्धतीने पाठवला की लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेल उरते. ती १२ इंचांवर पसरली म्हणजे इंचाला १३३ पिक्सेल. चांगल्या प्रिंटला ३०० च्या आसपास हवेत. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फाइलची लांब बाजू ४००० असते, म्हणजे ३३३. काळोखाच्या फोटोत तर आकाशाच्या निळ्या छटांचे चौकोनी ठोकळे पडतात. मात्र डॉक्युमेंटमधून फोटो काढल्याचं ठिकाणही फाइलसोबत जातं. सोसायटीतल्या फोटोंना हरकत नाही, बाहेरचा असेल आणि जागा सांगायची नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून लोकेशन आधीच बंद करा.

सी-५०४ : आणि कातरताना प्रमाण लक्षात ठेवा. फोनचा फोटो ४:३, प्रिंट ३:२. आडवा फोटो असेल तर लॅबवाला स्वतःहून वरचं-खालचं छाटतो आणि नेमका कंदिलाच्या शेपट्या किंवा टोक जातं. आपणच ३:२ करून द्या.

सी-२०१ : प्रिंट स्क्रीनपेक्षा काळी येते का? गेल्या गणपतीला तसंच झालं होतं.

सी-५०४ : येते. स्क्रीन स्वतः उजळते, कागद उजळत नाही. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून मगच एडिट करा. सावल्यांचा भाग किंचित उचला, उजळ भागाला हात लावू नका. आधी ४ बाय ६ ची एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बघा. मॅट कागद घ्या, क्लब हाउसच्या ट्यूबलाइट ग्लॉसीवर चमकतात आणि काळा भाग आरसा होतो.

ए-२०३ (समिती) : मॅटच घेऊ. पुढचे फोटो ७ ते १३ रात्री ९ नंतर टाकते.